जरा थांबला असतात तर

येशूने शिकवलेली प्रभूची प्रार्थना चालू होती. 'आम्हांला वाइटापासून सोडव' इथे अर्धी माणसं थांबली. आम्ही बाकीचे 'कारण की राज्य, पराक्रम...' म्हणत पुढे गेलो आणि सभेतला आवाज एकदम निम्मा झाला.

कॅथलिक, प्रॉटेस्टंट, सगळ्यांची संयुक्त प्रार्थनासभा होती आज.

नंतर शेजारच्या कॅथलिक आजी म्हणाल्या, "अहो, ते शब्द आमच्या मिस्सातही, म्हणजे उपासनेतही, आहेत. मध्ये फादर एक छोटी प्रार्थना म्हणतात, मग आम्ही म्हणतो. जरा थांबला असतात तर भेटलो असतो की!"

आणि हसल्या. टोमणा नव्हता. (थोडासा असेलही.)

तेव्हापासून ते वाक्य डोक्यातून जात नाहीये. 1054 साली रोम (कॅथलिक) आणि कॉन्स्टँटिनोपल (ऑर्थोडॉक्स) इथल्या चर्चनी एकमेकांना बहिष्कृत केलं, ते मागे घ्यायला 1965 उजाडलं. ल्यूथरन (प्रॉटेस्टंटांतला एक पंथ) आणि कॅथलिकांनी माणूस देवापुढे नीतिमान कसा ठरतो याबद्दलच्या संयुक्त घोषणापत्रावर सह्या केल्या, तेव्हा 1999 साल होतं. तरी प्रभूच्या मेजाशी, म्हणजे भाकर आणि द्राक्षारस घेताना, आम्ही अजून वेगळेच. हे मला खुपतं, खोटं कशाला बोलू?

अशा वेळी मी बायबलमधल्या योहानाच्या शुभवर्तमानाचा 17वा अध्याय उघडते. वधस्तंभाआधीच्या त्या रात्री येशू शिष्यांच्या एकीसाठी पित्याजवळ मागणं मागतो, आणि त्यांच्या वचनावरून पुढे विश्वास ठेवणाऱ्यांसाठीही. म्हणजे आपल्या बैठका सुरू व्हायच्या कितीतरी आधी हे काम त्याने हाती घेतलंय. एवढ्यावर मला बळ येतं, चिडचिड कमी होते आणि मी पुढच्या सभेची यादी करायला बसते.

यादीवरून आठवलं, ऑर्थोडॉक्स मंडळींना कोणी बोलावलंय का?