भविष्यकाळाची वही, नोंद ११: ‘झोपलेली असेन’ने झोप उडवली

मंडळी, गेल्या नोंदीत मी मोठ्या तोऱ्यात लिहिलं होतं की इंग्रजी भविष्यकाळातलं ‘विल हॅव’ खिशात आलं, आता ‘विल हॅव बीन’ला हात घालते. ते विसरा. रविवारी रात्री दहाला तो तोरा उतरला.

इंग्लंडमधल्या लीड्सची माझी भाषा-सरावाची जोडीदारीण तुम्हाला ठाऊक आहेच. तीच, सासर कोल्हापूरचं म्हणून मराठी शिकणारी. तिने विचारलं, माझ्या संध्याकाळी साडेपाचला फोन करू का? सध्या तिकडे उन्हाळी वेळ, साडेचार तासांचा फरक, म्हणजे आपल्याकडचे दहा. मला सोमवारी पहाटे उठायचं होतं. मनात आलं, ‘दहापर्यंत मी झोपलेली असेन.’ वहीतला नियम लावला: ‘-लेली असेन’ दिसलं की ‘विल हॅव’ आणि क्रियापदाचं तिसरं रूप. पाठवून दिलं, ‘बाय टेन आय विल हॅव स्लेप्ट.’

ठीक दहाला फोन वाजला. मी अंधारात चष्मा चाचपडतेय आणि ती खुशीत. तिची समजूत अशी की मी संध्याकाळीच झोप काढून दहाला ताजीतवानी होऊन बसणार! तिचं काहीच चुकलं नव्हतं. मी लिहिलंच होतं तसं. म्हणायचं होतं ‘आय विल बी अस्लीप’.

सोमवारी अँकी, म्हणजे कार्डांवरून पाठांतर करून घेणारं ॲप, उघडलं. आठ वेळा चुकलेलं कार्ड ते ‘लीच’चा शिक्का मारून बाजूला टाकतं, हे आपण सगळेच सोसतो. माझ्या २१२ कार्डांत २३ लीच. आजवर मी त्यांना सरसकट ‘विसराळूपणा’ म्हणत आले. या वेळी एकाखाली एक लिहून काढली, तर १४ कार्डं एकाच जातीची: बसलेला असेल, झोपलेली असेन, टेकलेला असेल, धरलेली असेल, लटकलेला असेल. आणि हे एक, स्टेशनवर कुणाला तरी ओळख पटवायची म्हणून बनवलेलं: ‘मी लाल साडी नेसलेली असेन.’ माझं उत्तर दर वेळी ‘आय विल हॅव वोर्न’. बरोबर उत्तर ‘आय विल बी वेअरिंग अ रेड सारी’. माझ्या इंग्रजीप्रमाणे शोधायला गेलं तर तो माणूस साडी नेसून, वापरून, सोडून ठेवलेल्या बाईला शोधत बसेल.

पण मग ‘तू येशील तोवर मी जेवलेली असेन’ याचं ‘आय विल हॅव ईटन’ अगदी बरोबर कसं? रूप तर तेच. तीन दिवस यातच गेले.

पहिला तर्क: ‘पर्यंत’ किंवा ‘तोवर’ असेल तर ‘विल हॅव’. बाद. रविवारच्या वाक्यातच ‘दहापर्यंत’ होतं. दुसरा तर्क: कर्म असेल तर ‘विल हॅव’. साडी हे कर्मच की, तोही बाद. भाषांतराच्या ॲपला विचारलं, त्याने एकदा एक आणि एकदा दुसरं सांगितलं. या कामी ॲपचा भरवसा मी सोडलाय.

गुरुवारी भाजी निवडताना सुचलं. वाक्यात ‘अजून’ घालून बघायचं. ‘तो अजून बसलेला असेल’, चालतं. ‘ती अजून लाल साडी नेसलेली असेल’, चालतं. ‘ती अजून जेवलेली असेल’? कानाला खटकतं. ‘गाडी अजून पोहोचलेली असेल’? छे! म्हणजे जिथे ‘अजून’ बसतं तिथे अवस्था चालू आहे, तिथे ‘विल बी’. जिथे बसत नाही तिथे काम उरकलंय, तिथे ‘विल हॅव’. ‘नसेल’वर मात्र ही चाचणी लावू नका, नकारात ‘अजून’ कुठेही खपतं. १४ पैकी १३ कार्डं सुटली. मी एकटीच स्वयंपाकघरात टाळ्या पिटल्या.

उरलेलं एक: ‘सकाळपर्यंत झुरळ मेलेलं असेल.’ ‘अजून मेलेलं’ म्हणवत नाही, पण इंग्रजीत ‘विल बी डेड’ही चालतं आणि ‘विल हॅव डाइड’ही. कुणाला धागा लागला तर सांगा.

आणि हे लिहिता लिहिताच ध्यानात येतंय की भानगड भविष्यकाळाची नाहीच. ‘तो बसलेला आहे’ म्हणजे ‘ही इज सिटिंग’, ‘ती जेवलेली आहे’ म्हणजे ‘शी हॅज ईटन’. फाटा वर्तमानातच फुटतो, भविष्यात फक्त ‘आहे’चं ‘असेल’ होतं. म्हणजे मी वर्षभर भलत्याच खणात शोधत होते! तेव्हा ‘विल हॅव बीन’ पुढे ढकललं. आधी ‘-लेला आहे’ची चाळीस कार्डं.

यात राग आहे तो बारा काळांच्या तक्त्यावर. घरबसल्या इंग्रजी शिकवणाऱ्या एका जुन्या पुस्तकात मी पाठ केलेली ओळ होती, ‘मी बसलेलो असेन = आय शॅल हॅव सॅट’. ‘शॅल’चं एक वेळ समजू शकते. ‘मी’, ‘आम्ही’ला ‘शॅल’ आणि बाकीच्यांना ‘विल’ हा नियम जॉन वॉलिसने १६५३ साली लॅटिनमधून लिहिलेल्या इंग्रजी व्याकरणात मांडला, तो आपल्याकडे शाळेतून घोटला गेला. पण ‘बसलेलो’समोर ‘हॅव सॅट’ छापताना कुणी ते वाक्य खुर्चीत बसून म्हणून पाहिलं नसावं.

किरकोळ विजय: ‘व्हेन’च्या मागे ‘विल’ लावायची सवय अखेर गेली. ‘तू येशील तेव्हा’ची वीस कार्डं पहिल्यांदाच बिनचूक. ‘डेक्कन क्वीन पुण्याहून सव्वासातला सुटते’ला साधा वर्तमानकाळ तर आता झोपेतही येतो. तिथे मराठी आणि इंग्रजी सख्ख्या बहिणी आहेत, उगाच घाबरत होते.

या रविवारी फोन आपल्याकडच्या नऊला ठरलाय. निरोप पाठवला, ‘आय विल बी अवेक.’ तिचं उत्तर देवनागरीत आलं: ‘नक्की जागी असशील ना, की जागून झालेली असशील?’