पाटी नव्हे, बाहेर लागलेल्या गाड्या पाहा : रात्रीच्या कोल्हापूरच्या नोंदी

रात्री अकरानंतरचे कोल्हापूर सायकलीवर हिंडून पाहायचे, कोण कुठे जागे असते आणि काय खाते ते वहीत टिपून ठेवायचे, या माझ्या छंदाला या महिन्यात वर्ष पूर्ण झाले. वहीत आजपर्यंत ७१ रात्री नोंदल्या आहेत. त्यांतील पहिल्या वीस-बावीस रात्रींची पाने मी आता फारशी उघडत नाही, कारण त्या काळात मी दिव्यांच्या मागे जात होतो. रंकाळ्याची चौपाटी, खासबाग कुस्ती मैदानाभोवतीच्या भेळेच्या गाड्या, राजारामपुरीतील गल्ल्या आणि महामार्गावरील ढाबे एवढ्यातच माझी फेरी संपत असे. तिथले खाणे वाईट मुळीच नाही. खासबागेजवळची भेळ आणि उंच ग्लासात जेली, फळांच्या फोडी घालून मिळणारे आईस्क्रीम कॉकटेल मी आजही आवडीने खातो. पण ती लांबलेली संध्याकाळ असते, रात्र नव्हे. साडेअकराच्या सुमारास गाड्यांवर ताडपत्री चढते आणि नवख्या माणसाला वाटते की शहर निजले.

हा समज मध्यवर्ती बसस्थानकाबाहेर रात्री रिक्षा लावणाऱ्या एका वयस्क मामांनी मोडून काढला. बाराच्या पुढे चांगले खायला कुठे मिळेल, असे मी विचारल्यावर ते म्हणाले, “दादा, पाटी बघून जाऊ नगा. भाईर कुणाच्या गाड्या लागल्यात ते बघा. टेम्पो दिसला, हमालाचा हातगाडा दिसला, की तिथं बसायचं.” त्या रात्रीनंतर मी वहीची रचनाच बदलली. पूर्वी ठिकाणाचे नाव आधी आणि पदार्थ नंतर लिहीत असे. आता पहिल्या रकान्यात वेळ, दुसऱ्यात तिथे जागणारा माणूस कोणत्या कामासाठी जागा आहे ते, आणि मग पदार्थ लिहितो. मुंबई-पुण्याकडचे मित्र इथे आल्यावर ‘नाइट लाइफ कुठे आहे’ असे विचारतात, तेव्हा मी त्यांना हा दुसरा रकाना दाखवतो. कोल्हापूरची रात्र काम, आजारपण, नदी, देवी आणि तालीम यांच्यामुळे जागी असते, आणि जिथे कोणी कारणाने जागे असते तिथेच चूलही पेटलेली सापडते.

गंगावेशीतील दूध कट्ट्याला छुपे ठिकाण म्हणता येणार नाही, कारण तो साऱ्या शहराला ठाऊक आहे. तरीही त्याच्या नोंदी माझ्या वहीत सर्वांत लांब आहेत. पहिल्यांदा मी सव्वाअकराला पोहोचलो तेव्हा गवळीमामा म्हशीचे दावे सोडून घरी निघाले होते. “म्हसरालाबी झोप लागती की. उद्या लवकर या,” एवढेच ते म्हणाले. दुसऱ्या दिवशी मी साडेनऊला गेलो आणि तासभर नुसता उभा राहून पाहत राहिलो. या म्हशी बहुतेक पंढरपुरी जातीच्या असतात. खांद्याच्याही मागे गेलेल्या त्यांच्या लांब शिंगांवरून त्या ओळखता येतात. गर्दीत, रस्त्यावर, वाहनांच्या आवाजात आणि दिवसातून अनेकदा धार देण्याइतका या जातीचा स्वभाव शांत असल्यामुळेच गिऱ्हाइकासमोर दूध काढून देण्याची ही पद्धत टिकली आहे, असे गवळी मंडळी सांगतात.

मामा कासेवर पाण्याचा हबका मारतात, हाताने सड हलके चोळून पान्हा सुटण्याची वाट पाहतात, पहिल्या एक-दोन धारा जमिनीवर सोडतात आणि मग स्टीलचा उंच ग्लास एका हातात तिरका धरून दुसऱ्या हाताने धार काढू लागतात. सुरुवातीला धार तळावर खणखणीत वाजते. ग्लास भरत जातो तसा तो आवाज जाड होतो आणि शेवटी फेसात बुडून बंद पडतो. डोळे मिटून उभे राहिले तरी ग्लास किती भरला ते कळते. हे धारोष्ण दूध अंगच्या उबेइतकेच गरम असते, त्यात साखर नसली तरी गोडवा जाणवतो, आणि ओठावर बसलेला फेस पुसण्याची इथे कोणाला घाई नसते. दूध न तापवलेले असते, हे मात्र ध्यानात ठेवावे. माझ्या आईसाठी मी ते किटलीतून घरी नेले आणि उकळूनच दिले.

जुलैच्या नोंदी पावसाच्या आहेत. पंचगंगेचे पाणी चढू लागले की राजाराम बंधाऱ्याजवळची पातळी हा घराघरांतील विषय होतो. ३९ फुटांवर इशारा आणि ४३ फुटांवर धोका, हे आकडे इथल्या शाळकरी मुलालाही पाठ असतात. २०१९ आणि २०२१ चे महापूर ज्यांनी घरात पाहिले, त्यांना पावसाळ्यात रात्री झोप लागत नाही. ते छत्र्या घेऊन पाणी कुठवर आले ते पाहायला शिवाजी पुलाकडे जातात, मच्छिंद्री झाली का, म्हणजे पाणी पुलावरच्या खुणेला लागले का, असे एकमेकांना विचारतात, आणि त्यांच्यासाठी एखादा चहावाला छपराखाली स्टोव्ह पेटवून उभा असतो. एका रात्री दीड वाजता मी तिथे आल्याचा चहा आणि कांदाभजी खाल्ली. भजी फार उत्तम होती असे नाही. पण शेजारी उभ्या असलेल्या आजोबांनी काठीने पाण्याची रेघ दाखवून ‘तासात चार बोटं वाढलंय’ असे ज्या आवाजात सांगितले, तो आवाज मी पदार्थाच्याच रकान्यात लिहून ठेवला आहे.

सीपीआर या सरकारी रुग्णालयाच्या परिसरातील चहाबद्दल थोडे सांगतो. रात्री दोनला तिथे भेटणारी माणसे गगनबावडा, राधानगरी, शाहूवाडीकडून रुग्ण घेऊन आलेली असतात, आणि त्यांच्यासमोर वही काढणे मला बरे वाटले नाही. मी फक्त शेजारी बसून चहा आणि बटर (चहात बुडवून खायचा कडक पाव) घेतले. तिथून जवळच भाऊसिंगजी रोड आहे. याच रस्त्यावर गंगाराम कांबळे यांनी शाहू महाराजांच्या पाठबळाने सत्यसुधारक हॉटेल काढले होते, आणि दलिताच्या हातचा चहा कोणी पीत नाही हे पाहून महाराज स्वतः तिथे थांबून चहा घेत असत. रात्रीच्या निर्मनुष्य रस्त्यावरून सायकल ढकलत जाताना तो चहा मला नेहमी आठवतो. कोल्हापुरात चहाच्या गाडीला इतिहास आहे, हे इथे येणाऱ्या प्रत्येक छांदिष्टाने जाणून घ्यावे.

शारदीय नवरात्रातील अष्टमी ही वर्षातील एकच रात्र, पण ती चुकवू नये. त्या रात्री अंबाबाईची उत्सवमूर्ती सजवलेल्या वाहनातून नगरप्रदक्षिणेला निघते, वाटेवर रांगोळ्या आणि फुलांच्या पायघड्या पडतात, आणि एरवी नऊलाच शटर ओढणाऱ्या गुजरीच्या अरुंद रस्त्यात मुंगी शिरायला जागा उरत नाही. मी आईला घेऊन गेलो होतो. वाहन पुढे गेल्यावर एका मंडळाच्या मुलांनी तिला खुर्ची आणि मसाला दूध दिले, आणि ‘आजी, अजून घ्या’ म्हणत तिला उठूच दिले नाही.

नोव्हेंबरपासून मी औद्योगिक वसाहतींकडे वळलो. शिरोली आणि गोकुळ शिरगाव इथल्या फौंड्र्यांमुळे, म्हणजे धातूच्या ओतकामाच्या कारखान्यांमुळे, कोल्हापूरचे नाव देशभर आहे, पण त्या रात्री का धगधगतात, हे मला तिथल्या एका भट्टीवाल्याने समजावले. पूर्वी रात्री दहा ते सकाळी सहा या वेळेत उद्योगांना वीजदरात सवलत मिळत असे, त्यामुळे विजेच्या भट्टीत धातू वितळवण्याचे काम रात्री काढण्याचा प्रघात पडला. दुसरी पाळी सुटते आणि तिसरी आत जाते त्या अर्ध्या तासात फाटकासमोरच्या गाड्यांवर जी धांदल उडते, ती पाहण्यासारखी असते. अंडा बुर्जी, ऑम्लेट-पाव, खिमा राईस प्लेट आणि कट वडा हे तिथले मुख्य पदार्थ. कट वड्याचे मला विशेष वाटते. गरम वडा खोलगट ताटलीत ठेवतात, त्यावर मोठ्या पळीने कट, म्हणजे तिखट तर्रीचा रस्सा, ओततात, वरून फरसाण आणि कांदा टाकतात, आणि सोबत पाव म्हणून ब्रेडच्या स्लाईस देतात. बाहेरगावच्या माणसाला स्लाईस पाहून नवल वाटते, पण लादीपाव कट पिऊन लगेच गळतो, तर स्लाईसच्या कडेला धरून शेवटचा थेंबही टिपता येतो. आठ तास भट्टीजवळ उभा राहिलेला माणूस इतके तिखट का खातो, असे मी एका मोल्डरला विचारले. तो म्हणाला, “जिभंला कायतरी कळाय पायजे न्हवं, भावा.”

एका ठिकाणी, ज्याचे नाव मी देणार नाही, मला खाणे बाधले आणि दोन दिवस घरी पडून राहावे लागले. तेव्हापासून गाडीवर बसण्याआधी मी कढईतील तेलाचा रंग पाहतो आणि ताटल्या कोणत्या पाण्यात बुडवतात ते पाहतो. वेळ, माणूस आणि पदार्थ यांच्या जोडीला हा चौथा रकाना तुम्हीही ठेवावा.

वर्षातील सर्वांत समाधानाची नोंद जानेवारीची आहे. कसबा बावड्यापलीकडे नदीकाठच्या उसाच्या पट्ट्यात एका ओळखीच्या शेतकऱ्याने मला त्याच्या गुऱ्हाळावर रात्री अडीचला बोलावले. थंडी कडाक्याची होती, पण चुलाणाजवळ, म्हणजे रस उकळायच्या मोठ्या चुलीजवळ, गेल्यावर स्वेटर काढावा लागला. जाळ घालणारा चुलव्या वाळलेले चिपाड एका लयीत आत सारत होता, आणि काहिलीतला (मोठ्या पसरट कढईतला) रस हिरवट रंग सोडून पिवळा, मग तांबूस होत चालला होता. वर येणारी मळी झाऱ्याने काढली जात होती. गूळ शिजवणाऱ्या गुळव्या काकांचे वय सत्तरीच्या घरात असेल. त्यांच्याकडे तापमान मोजायचे कोणतेही साधन नव्हते, पण पाकाचे थेंब पाण्यात टाकून बोटांनी त्याची गोळी चाचपली, की काहील उतरवायची की अजून दोन मिनिटे थांबायचे, हे ते ठरवत. हा क्षण साधारण ११८ अंश सेल्सिअसच्या आसपास येतो. दोन-तीन अंश इकडेतिकडे झाले तरी गूळ एकतर बसत नाही किंवा काळवंडतो. त्यांनी हात वर केला, चार माणसांनी काहील उचलून वाफ्यात, म्हणजे गूळ थंड करायच्या उथळ हौदात, ओतली, आणि फावड्याने ढवळताना त्या लालसर लाटेतून जो वास उठला तो माझ्या जॅकेटला आठवडाभर होता.

त्याआधीच, पाक गुळाच्या अवस्थेला जाण्यापूर्वी, काकांनी माझ्यासाठी एका वाटीत काकवी काढून ठेवली होती. घरून आणलेली ज्वारीची शिळी भाकरी त्यांनी चुलाणाच्या तोंडाशी शेकली, चुरली आणि तीवर काकवी ओतून दिली. मी आजवर रात्री जे जे खाल्ले, त्यात याच्या जवळपास जाणारे काही नाही. शेजारच्या गावातील गुऱ्हाळे एकेक करून बंद पडत आहेत, ऊस कारखान्याला जातो आणि गुळव्याचे काम शिकायला पोरे येत नाहीत, असे काका सांगत होते, आणि ते सांगताना त्यांचे डोळे पुढच्या आधणावरून हलत नव्हते. गुऱ्हाळावर जायचे असेल तर मालकाला विचारूनच जावे, उकळत्या काहिलीपासून दूर उभे राहावे आणि निघताना गुळाचा एखादा रवा (ढेप) विकत घ्यावा.

गुऱ्हाळावरून परत येताना पहाटेचे चार वाजले होते, आणि तिथून तालमींची वेळ सुरू होते. खासबाग मैदान १९१२ मध्ये खुले झाले, पण त्या मैदानाला पैलवान पुरवणाऱ्या तालमी दिवस उजाडण्याच्या कितीतरी आधी जाग्या होतात. वस्तादांची परवानगी घेऊन, चपला बाहेर काढून मी एका तालमीच्या कोपऱ्यात बसलो. हौद्यातील तांबड्या मातीत ताक, तेल, हळद आणि लिंबू मुरलेले असते. तिचा वास गुळाच्या वासानंतर थंड आणि आंबट वाटला. पोरे जोर-बैठका मारत होती, आणि एका बाजूला दोघे जण कुंडीत बदाम, खसखस, बडीशेप आणि मिरी घोटत होते. अर्धा तास तो दगडावर घासणारा आवाज अखंड चालू होता. सराव संपल्यावर वस्तादांनी पहिला पेला मला दिला. मी संकोचलो तेव्हा ते म्हणाले, “पाव्हणं आधी, पैलवान मागनं.” ती थंडाई दाट असूनही घशाला जड वाटली नाही, मिरीची झणक शेवटी राहिली.

येत्या वर्षासाठी दोन कामे वहीत लिहून ठेवली आहेत. कोजागिरीच्या रात्री रंकाळ्याला पूर्ण फेरी मारायची, आणि लक्ष्मीपुरीतील हमाल मंडळी काम सुरू करण्यापूर्वी कुठे खातात ते शोधायचे. एक कोडे मात्र सुटलेले नाही. गुऱ्हाळांचा हंगाम संपला की उन्हाळ्यात रात्री दोन ते साडेतीन हा दीड तास माझ्या वहीत कोराच राहतो. त्या वेळी कोल्हापुरात कुठे चूल पेटलेली कोणी पाहिली असेल, तर ठिकाणाच्या नावाआधी वेळ सांगा, आणि तिथे कोण जागे होते तेही.