तुम्ही विचारलंत म्हणून : ‘मुलीला परत का पाठवलंत?’

‘एवढा जीव लावलात आणि परत पाठवून दिलीत?’ हे मला लग्नाच्या पंगतीत विचारलं गेलंय, बँकेच्या रांगेतही. पाठोपाठ दुसरा प्रश्न ठरलेला, ‘मग दत्तकच का नाही घेतलंत?’ एकदा लिहूनच टाकते.

ती दत्तक देण्यातली मुलगी नव्हतीच. तिला आई होती. वडील गेलेले, आई टीबीनं दवाखान्यात, जवळचं दुसरं कुणी नाही, म्हणून बालकल्याण समितीनं (अशा मुलांचं काय करायचं ते ठरवणारी जिल्ह्याची समिती) पाच वर्षांच्या त्या पोरीला बालगृहात न ठेवता आमच्याकडे सोपवलं. प्रतिपालकत्व म्हणतात ते हेच. आईवडील सांभाळू शकतील असं समितीला वाटलं, की मूल त्यांच्याकडे परत जाऊ शकतं, हे २०१५च्या बाल न्याय कायद्याच्या कलम ४४ मध्ये लिहिलेलं आहे. मला ते पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं. तेव्हा माझ्यावर अन्याय झाला असं कृपा करून म्हणू नका.

तरीही मी भांडले.

याच कलमात समितीनं दर महिन्याला प्रतिपालक कुटुंबाची तपासणी करायची, असं म्हटलंय. आमच्याकडे पंधरा महिन्यांत दोनदा कुणीतरी आलं, दोन्ही वेळा वेगळी माणसं. दुसऱ्या खेपेच्या बाईंनी फाइल उघडून मलाच विचारलं, ‘हिचा भाऊ कुठे असतो?’ तिला भाऊ नव्हता. त्या बाई वाईट नव्हत्या. कंत्राटी नोकरी, अख्खा जिल्हा अंगावर, बालविवाह थांबवायलाही त्यांनीच धावायचं. पण मायलेकींच्या भेटी ठरवायला कुणाला सवड झाली नाही. मी फोन करून मागे लागू शकले असते. नाही लागले. भेट हुकली की मला हायसं वाटायचं. हे आजवर कुणाला सांगितलेलं नाही.

आईचा सहा महिन्यांचा औषधांचा कोर्स संपला, पण तिच्या घरच्या चौकशीचा अहवाल यायला आणखी नऊ महिने गेले. तो आल्याचं कळलं त्या रात्री मी समितीला अर्ज लिहिला. आईचं घर पत्र्याचं आहे. एकच खोली आहे. आमच्याकडे मुलीला स्वतंत्र खोली आहे, अभ्यासाचं टेबल आहे. एक अक्षर खोटं नव्हतं.

सुनावणीला आई खुर्चीच्या कडेवर बसली होती, मांडीवर प्लास्टिकची पिशवी घेऊन. अध्यक्षांनी माझा अर्ज मोठ्यानं वाचला. ‘घर पत्र्याचं आहे’ याला तिनं मान हलवली, हो म्हणून. मग पिशवीतून रबर लावलेला गठ्ठा काढला. गोळ्यांची रिकामी पाकिटं, सहा महिन्यांची, सगळी जपून ठेवलेली. टेबलावर ओळीनं मांडत म्हणाली, ‘एक दिवस चुकवला नाही, साहेब.’ आणि माझ्याकडे वळून, ‘ताई, तिचे पाय दुखतात का अजून रात्रीचे? तेल चोळलं की झोपते ती.’

पंधरा महिने ती पोर रात्री उठून बसायची. मी दोन डॉक्टर बदलले होते.

मग मुलीला आत आणलं. ती माझ्या खुर्चीमागे जाऊन उभी राहिली. आईनं ‘अगं’ म्हणून हात पुढे केला, तो तसाच राहिला. पोरीनं तिला ओळखलं होतं, एवढं मला कळलं. पण ती हलली नाही. त्या क्षणी मला आनंद झाला का? झाला, हो. आणि त्याच वेळी समजलं की भेटी झाल्या असत्या तर ती अशी उभी राहिली नसती.

आता पैशांचं. केंद्र सरकारच्या ‘मिशन वात्सल्य’ या बालसंरक्षण योजनेत प्रतिपालकत्वासाठी मुलामागे महिना ४००० रुपये आहेत. मला ते उशिरा का होईना, मिळाले. त्याच योजनेत प्रायोजकत्वाखाली मूल स्वतःच्या विधवा किंवा गंभीर आजारी आईजवळ राहूनही तेवढीच मदत मिळू शकते. हे तिला कुणी सांगितलंच नव्हतं. नुसत्या पैशांनी भागलं असतं असं मी म्हणत नाही, ती दोन महिने दवाखान्यात होती. पण दोन महिने कुठे आणि पंधरा कुठे!

प्रतिपालकत्वाच्या २०२४च्या मार्गदर्शक तत्त्वांत सांभाळलेलं मूल पाच वर्षांऐवजी दोन वर्षांनी दत्तक घेता येतं, अशी कात्रणं लोक मला पाठवतात. अहो, आई हयात आहे आणि मूल मागतेय, तिथे ते लागूच होत नाही. प्रतिपालकांच्या प्रशिक्षणात ‘परत पाठवायला मला जमेल’ असं छातीठोक सांगणारी मी आणि तो अर्ज लिहिणारी मी, यांतली खरी कोणती ते मला अजून ठरवता आलेलं नाही. अर्ज चुकीचा होता असं दिवसा वाटतं. रात्री तिची रिकामी खोली दिसली की वाटत नाही.

मागच्या महिन्यात बाल संरक्षण कक्षातून फोन आला. चार वर्षांचा मुलगा आहे, घ्याल का? मी विचारलं, त्याची आई कुठे आहे आणि त्यांच्या भेटी कोण ठरवणार? ‘बघून सांगतो,’ म्हणाले. मी वाट बघतेय.