ओव्हरटाईम

"काय ओ सर, अमेरिकेत माझं कोण पाव्हणं हाय? तरी ओव्हरटाईम माझाच बंद!"

बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीतल्या चहाच्या गाड्यावर आज एक मामा हे हसत हसत म्हणाले. फौंड्रीत मोल्डिंगला आहेत. ठिणग्यांनी शर्टाला बारीक बारीक भोकं पडलेली, नखांत काळी वाळू. आपण ओतलेला पार्ट कुठल्या मशिनीत बसतो, त्यांना माहीत नाही. ट्रम्पनं किती टक्के लावलेत ते मात्र तोंडपाठ.

२७ ऑगस्ट २०२५ ला अमेरिकेनं भारताच्या बऱ्याच मालावरचं आयातशुल्क ५० टक्क्यांवर नेलं. टीव्हीवर चर्चा सगळी दिल्ली-वॉशिंग्टनची. उद्यमबागेचं नाव कोण घेतंय!

जागतिकीकरणाला सरसकट शिव्या घालणं मला जमत नाही. बाहेरच्या ऑर्डरी आल्या म्हणून खानापूरकडची कितीतरी पोरं पुण्या-गोव्याला न जाता इथंच टिकली. बेळगाव जिल्ह्यातल्याच हत्तरगीत तर एअरबस-बोइंगच्या विमानांचे सुटे भाग बनतात. पण बेळगावातल्याच वडगाव-शहापुरातल्या मागांची खडखड कमी होत गेली, तेही डोळ्यांदेखतच. (तिथं मारलं ते सुरतेच्या साडीनं. सुरत काही परदेश नव्हे म्हणा, पण स्वस्ताईची शर्यत तीच.)

मामांचं बोलणं डोक्यातून जाईना. ऑर्डरी जोरात होत्या तेव्हा त्यांचा पगार काही डॉलरच्या हिशेबानं वाढला नव्हता. मंदी मात्र थेट घरच्या किराणाच्या यादीवर येऊन बसली. फायदा झिरपत खाली यायला वर्षं लागतात, मग तोटा आठवड्याभरात कसा काय पोचतो ओ?