परवा तर जिना चढलीस

वन्सं सहज बोलल्या, हे मला मान्य आहे. "परवा तर जिना चढून आलीस की गं," एवढेच त्यांचे वाक्य, आणि त्यात खोट काढण्याजोगे काही नव्हते, कारण परवा मी खरोखरच कठड्याला हात न लावता जिना चढले होते. तरीही ते वाक्य डोक्यातून जात नाही. मला मल्टिपल स्क्लेरोसिस हा मेंदूचा आणि मज्जारज्जूचा आजार आहे, याबद्दल घरात कोणाला शंका नाही. एमआरआयवरचे पांढरे ठिपके सगळ्यांनी पाहिले आहेत. शंका आहे ती माझ्या आजच्या पायाबद्दल.

आज डावे पाऊल उचलले जात नाही, चपलेचे टोक फरशीवर घासत जाते. सकाळी न्हाताना साबणामुळे डोळे मिटले आणि नळ धरला नसता तर पडलेच असते. पाय नेमके कुठे आहेत याची खबर पायांकडून मेंदूला नीट पोहोचत नाही, त्यामुळे तोल सांभाळण्याचे बरेचसे काम माझे डोळेच करतात. हे बाराही महिने असते. पाळीच्या आधीच्या आठवड्यात मात्र अगदी अंगावर येते. बीजमोचनानंतर प्रोजेस्टेरॉन हे संप्रेरक वाढते आणि शरीराचे तापमान साधारण ०.३ ते ०.५ अंश सेल्सिअसने चढते. धडधाकट बाईच्या ते ध्यानातही येत नाही. पण ज्या मज्जातंतूंवरचे मायलिनचे आवरण गेले आहे त्यांच्यातून संदेश मुळातच जेमतेम पार पडत असतो, आणि एवढीशी उष्णताही त्याला अडवायला पुरते. ऊथॉफ या जर्मन नेत्रतज्ज्ञाने १८९० मध्ये व्यायामानंतर अशा रुग्णांची नजर तात्पुरती मंदावते हे नोंदवले होते. माझ्या बाबतीत ती मंदी पायात उतरते. सगळ्याच रुग्ण स्त्रियांना असे होत नाही, आणि तापमान हे एकच कारण असेल असेही नाही. संप्रेरकांचाही त्यात हात असू शकतो; गरोदरपणाच्या शेवटच्या तिमाहीत आजाराचे झटके कमी होतात आणि बाळंतपणानंतरच्या तीन महिन्यांत वाढतात, हे १९९८ च्या युरोपीय अभ्यासात दिसले होतेच. माझे ते दिवस... ते पुन्हा कधीतरी.

हे सारे वन्संना कसे सांगावे? मामंजी समोर बसलेले असताना 'मज्जातंतू' हा शब्द खुशाल उच्चारता येतो, 'पाळी' नाही. त्यामुळे मी "ऊन फार आहे" म्हणाले आणि त्यांनी पंख्याकडे पाहिले. दवाखान्यातही वेगळे घडत नाही. शेवटची पाळी कधी आली हे स्त्रीरोगतज्ज्ञ विचारतात, त्यांना माझ्या चालण्याशी कर्तव्य नसते. मेंदूचे डॉक्टर मला चालायला लावतात, पण तारीख विचारत नाहीत. दोघांच्या मधल्या जागेत मी लंगडत असते, आणि लोकांना वाटते, हिला वाटेल तेव्हा होते.

खरे तर मला वाटेल तेव्हा काहीच होत नाही, हेच तर दुखणे आहे. हा नवा झटका नव्हे, जुनाच व्रण उष्णतेने बोलू लागतो, पाळी सुरू होऊन तापमान उतरले की पाऊलही बहुधा उचलू लागते, हे मला पाठ आहे. तरी दर वेळी धास्ती बसते की या खेपेला ते उतरणारच नाही.

दुपारी आडवी पडल्यावर मात्र हसू आले. आजीला कावळा शिवला की चार दिवस बाजूला बसावे लागे. मी तो शिवण्याआधीच बसते, आणि शिवला की उठून कामाला लागते. तिला हा हिशेब पटला नसता, पण विसावा मिळतो म्हटल्यावर तिने फारशी हरकतही घेतली नसती.

कालनिर्णयावर पाळीची खूण मी पूर्वीपासून करतेच. आता पाऊल घासते त्या दिवशी पेन्सिलीने एक तिरकी रेघ ओढते. पुढच्या भेटीला ती पाने मेंदूच्या डॉक्टरांपुढे ठेवणार आहे. चैत्रातले हळदीकुंकूही नेमके रेघांच्या आठवड्यात येते आहे. वन्संना आजच फोन करून सांगितले, मी येईन, पण मला खुर्ची लागेल. "का गं?" असे त्यांनी विचारले, तेव्हा मामंजी खोलीत नव्हते.