ताप उतरला की जास्त सावध राहा

सुट्टीहून परदेशी परतल्यावर ताप भरला, तर तो डेंग्यू असू शकतो. डॉक्टरांना आधी प्रवास सांगा: कुठून आलात, कोणत्या तारखेला निघालात, ताप कधी सुरू झाला. डेंग्यू क्वचितच दिसतो अशा ठिकाणी हे कुणी विचारलं नाही, तर 'फ्लू आहे' म्हणून घरी पाठवलं जाण्याची शक्यता मोठी. डेंग्यूचा ताप डास चावल्यापासून 3 ते 14 दिवसांत येतो. त्यानंतर सुरू झालेला ताप बहुधा दुसऱ्याच कशाचा. मलेरिया मात्र महिन्यांनीही उगवतो आणि तो चुकला तर जिवावर बेतू शकतं. म्हणून डेंग्यूची कितीही खात्री वाटली तरी मलेरियासाठी रक्त तपासायचंच, आणि पहिली तपासणी निगेटिव्ह आली तर 12 ते 24 तासांच्या अंतराने आणखी दोनदा.

डेंग्यूसाठी तापाच्या पहिल्या पाच दिवसांत एनएस-1 किंवा पीसीआर, म्हणजे रक्तात थेट विषाणूचा माग काढणाऱ्या तपासण्या. आयजीएम, म्हणजे शरीराने विषाणूविरुद्ध तयार केलेली अँटिबॉडी, चौथ्या-पाचव्या दिवसानंतर दिसू लागतं, त्यामुळे दुसऱ्या दिवशीच्या निगेटिव्ह आयजीएमला काही अर्थ नाही. पीतज्वर किंवा जपानी मेंदूज्वराची लस घेतली असेल तर सांगा. अँटिबॉडीच्या तपासणीत गोंधळ होतो.

खरा धोका ताप उतरताना असतो, साधारण तिसऱ्या ते सातव्या दिवसात. घरचे सुटकेचा श्वास टाकतात आणि नेमकं तेव्हाच केशवाहिन्यांतून रक्तद्रव झिरपू लागतो. हे 24 ते 48 तास चालतं. पोटात सतत दुखणं, थांबत नाहीत अशा उलट्या, हिरड्यांतून रक्त, ग्लानी किंवा तळमळ: यातलं एकही दिसलं तर थेट रुग्णालय गाठा.

सगळ्यांचे डोळे प्लेटलेटच्या आकड्यावर खिळलेले असतात. पण रक्तद्रव किती गळतोय हे चढत्या हिमॅटोक्रिटवरून, म्हणजे रक्तातल्या तांबड्या पेशींच्या प्रमाणावरून कळतं. रक्तस्राव नसताना केवळ आकडा कमी आहे म्हणून प्लेटलेट चढवण्याचा फायदा होत नाही. सलाईनचंही भान हवं. गळती थांबली की बाहेर गेलेलं पाणी आपोआप रक्तात परततं. तरीही सलाईन जोरात चालू ठेवलं तर फुप्फुसांत पाणी भरतं.

तापाला फक्त पॅरासिटामॉल. प्रौढांसाठी दिवसाला जास्तीत जास्त 4 ग्रॅम, यकृताला सूज असेल तर डॉक्टर सांगतील तितकंच कमी. ॲस्पिरिन, आयब्युप्रोफेन अजिबात नको, रक्तस्राव वाढतो.

आणि तापाच्या दिवसांत रुग्णाला दिवसाही मच्छरदाणीत ठेवा, कारण डेंग्यू पसरवणारा एडिस डास दिवसा चावतो आणि रुग्णाकडून विषाणू इतरांपर्यंत नेतो. पोर्तुगालच्या मदैरा बेटावर हा डास आधीच होता. 2012मध्ये बाहेरून विषाणू आला आणि दोन हजारांहून अधिक लोकांना डेंग्यू झाला.