तुम्ही विचारलंत म्हणून: लाइट कुठला वापरता?

ब्लॅक अँड व्हाइट पोर्ट्रेट कुणालाही दाखवलं की पुढचा प्रश्न ठरलेला, लाइट कुठला वापरता? तुम्हीही विचारलंत म्हणून सांगतो, कुठलाच नाही, दार वापरतो. नाशिकला पंचवटीत नाहीतर भद्रकालीकडे जे थोडेफार जुने वाडे उरलेत ना, त्यांचं चौकाकडे उघडणारं दार. ऊन चौकात पडतं, भिंतींवर आपटून मऊ होऊन ओसरीत येतं, आणि मागचं माजघर अंधारं, म्हणजे बॅकग्राउंड फुकटात.

माणसाला दाराजवळ पण जरा तिरकं बसवायचं, शक्यतो खाली पाटावर, कारण उजेड डोळ्यांच्या वरून यायला हवा. मग मान हळूहळू वळवायला सांगायची आणि आपण बघत राहायचं फक्त अंधाराकडच्या गालाकडे. नाकाची सावली त्या गालाच्या सावलीला जाऊन मिळते आणि डोळ्याखाली उजेडाचा छोटा त्रिकोण उरतो, तिथे थांबायचं. याला रेम्ब्रांट लायटिंग म्हणतात, १७ व्या शतकातल्या डच चित्रकाराच्या नावावरून. सावली फारच गडद वाटली तर त्या बाजूला थर्माकोलचा शीट धरा. मी बहुतेक वेळा धरत नाही, सगळं लख्ख दिसलंच पाहिजे हा हट्ट लग्नाच्या अल्बमपुरता ठीक आहे.

कॉम्पोझिशनचं म्हणाल तर रूल ऑफ थर्ड्स (फ्रेमचे उभे-आडवे तीन-तीन भाग पाडून विषय त्या रेषांवर ठेवायचा) वगैरे सगळ्यांना पाठ असतं, पण इथे रंग नसतो हे लोक विसरतात. लाल साडी आणि मागे हिरवी भिंत, डोळ्याला काय उठून दिसतं, पण राखाडीत दोन्ही जवळपास एकच होऊन जातात आणि बाई भिंतीत विरघळते! म्हणून चेहऱ्याच्या उजळ बाजूमागे गडद काहीतरी आणि काळोख्या बाजूमागे थोडा उजेड, एवढं जमलं तरी फोटो उभा राहतो.

आता खरी मेख. एडिटिंगमध्ये फोटो ब्लॅक अँड व्हाइट करताना मूळचा प्रत्येक रंग किती उजळ किंवा गडद यावा याचा वेगळा स्लायडर असतो, आणि आपली कातडी मुख्यतः केशरी स्लायडरवर असते, थोडी लालवर. ते वर ढकलले की माणूस गोरा होतो, आणि 'दादा जरा उजळ करा ना' ही फर्माईश तर कायमचीच. पण लाल वर गेला की कपाळावरचं कुंकूच गायब होतं, ओठ पांढुरके पडतात, आजीबाई आजारी दिसायला लागतात. जुन्या ऑर्थोक्रोमॅटिक फिल्मचं बरोब्बर उलटं होतं, तिला लाल जवळजवळ दिसायचाच नाही, त्यामुळे कुंकू काळं यायचं आणि सावळा माणूस आणखी सावळा. मी केशरी जागच्या जागी ठेवतो, लाल किंचित खाली आणतो, आणि उजळ वगैरे जे काय व्हायचंय ते दारातच होऊ देतो. सावळ्या कातडीवर बाजूने उजेड आला की गालाच्या हाडावर जी चकाकी येते ती गोरं करून घालवायची म्हणजे काय! काही गिऱ्हाइकं नाराज होतात, होऊ देत.

मोबाइलवर काढत असाल तर चेहऱ्याला चिकटू नका, नाक मोठं येतं, दोन पावलं मागे जाऊन झूम टू एक्स करा. कॅमेरा असेल तर फाइल रॉ (सेन्सरची कच्ची माहिती जशीच्या तशी) ठेवा आणि पिक्चर स्टाइल मोनोक्रोम, म्हणजे स्क्रीनवर राखाडी दिसतं आणि फाइलमध्ये रंग शाबूत राहतात, कुंकवाचं काय करायचं ते घरी जाऊन निवांत ठरवता येतं.